ढोलकवाला बदलला की बँड बदलतो का? ब्लॅक सॅबथचा बदलता संच, सोप्या भाषेत

५ जुलै २०२५ ची रात्र. दुसऱ्या दिवशी आषाढी, म्हणून आमच्या गावच्या देवळात जागर होता. मध्यरात्र उलटल्यावर चहासाठी भजन थांबलं, तेव्हा नागपुरात शिकणारा माझा भाचा ओट्याच्या कोपऱ्यात मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. पडद्यावर चार म्हातारे. गाणारा तर सिंहासनासारख्या काळ्या खुर्चीतच बसलेला, उभं राहणं त्याला जमत नव्हतं. समोर हजारो माणसं, सगळी काळ्या कपड्यांत.

आमचे ढोलकवाले काका हातात कप घेऊन मागून डोकावले.

“कोन होय बे हे?”

“ब्लॅक सॅबथ, आबाजी. इंग्लंडचा बँड. आज त्यांचा शेवटचा कार्यक्रम हाय.”

“चारही बुढे पहिल्यापासूनचे का?”

“हाव. पन मधात लय माणसं आले अन गेले. गानारेच आठ-नऊ झाले.”

“मंग नाव तेच कसं रायलं? आपल्या मंडळात एक ढोलक बदललं तर लोकं म्हनते, आता ते मंडळ नाई रायलं.”

भाच्याला उत्तर देता येईना. मलाही त्या अपरात्री नीट सांगता आलं नाही. पण काकांचा प्रश्न बरोबर जागी लागला होता. हेवी मेटलच्या, म्हणजे जड गिटारवर चालणाऱ्या दणदणीत रॉक संगीताच्या, कोणत्याही जुन्या बँडचा इतिहास उघडला की नावांची अशी गर्दी अंगावर येते की माणूस पान मिटून टाकतो. कोण कधी आला, कोण का गेला, कोण परत आला, आणि एवढं होऊनही पाटी तीच कशी राहिली? ब्लॅक सॅबथ धरून ते उलगडून बघू.

इंग्रजीत ज्याला लाइनअप म्हणतात त्याला आपल्याकडे चांगला शब्द आहे: संच. ‘नव्या संचात तेच नाटक’ अशी जाहिरात सगळ्यांनी वाचलेली असते. आम्हा झाडीपट्टीतल्या लोकांना तर हे शिकवावंच लागत नाही. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटक रंगतं. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. कंपनीचं नाव वर्षानुवर्षं तेच, पण मागल्या वर्षीचा खलनायक या वर्षी दुसऱ्या कंपनीत आणि तिथली नायिका इकडे, हे नेहमीचंच. प्रेक्षक पोस्टर वाचतात, कोण आहे कोण नाही बघतात आणि मग तिकीट काढतात. बँडचंही असंच असतं. फरक एवढाच की नाटकात नट लिहिलेलं नाटक करतो, बँडमधला माणूस स्वतः चाल बांधतो. तो गेला की नाटककारच गेल्यासारखं होतं. म्हणून कोण गेला यापेक्षा तो जाताना काय घेऊन गेला, ते बघायचं.

गोष्ट १९६८ सालची, बर्मिंगहॅम शहराची. कारखान्यांचं गाव, धुराचं. तिथल्या ॲस्टन भागातली चार पोरं: गिटारवर टोनी आयोमी, बेसवर गीझर बटलर, ड्रमवर बिल वॉर्ड आणि गायला ऑझी ऑस्बोर्न. सुरुवातीला हे सहाजण होते. एक सॅक्सोफोनवाला होता आणि एक आणखी गिटारवाला. ते दोघं मन लावून करत नाहीत असं बाकीच्यांना वाटू लागलं, पण तोंडावर सांगायची हिंमत कुणाची होईना. मग त्यांनी बँडच बंद केला आणि काही दिवसांनी गुपचूप चौघांनीच पुन्हा सुरू केला. हे वाचून मला मोठ्यानं हसू आलं. आमच्या गावात एक भजन मंडळ याच रीतीनं दोनदा ‘बंद’ झालेलं आहे.

मग त्यांनी ‘अर्थ’ (इंग्रजी Earth, म्हणजे पृथ्वी) हे नाव घेतलं, तर त्याच नावाचा दुसरा बँड निघाला. अखेर १९६९ मध्ये ब्लॅक सॅबथ हे नाव पक्कं झालं आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, पहिला अल्बम आला. हेवी मेटल तिथून सुरू झालं असं बहुतेक जाणकार मानतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, तो म्हणजे आयोमीची बोटं. सतराव्या वर्षी तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. यंत्रावर उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. आपल्याकडे थ्रेशरमध्ये किंवा कुट्टीच्या मशीनमध्ये बोट गेलेला माणूस जवळपास प्रत्येक गावात सापडतो, त्यामुळे हे काय असतं ते वेगळं सांगायला नको. त्यात आयोमी डावखुरा. डावखुरा माणूस उजव्या हातानं तारा दाबतो, म्हणजे नेमकी दाबायची बोटंच गेली. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, वर चामडं चिकटवलं. तरी जाड तारा दाबताना दुखायचं, म्हणून पातळ तारा लावल्या. पुढे १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून अनेक गाण्यांत त्यानं तारा सैल करून सूरच खाली आणला.

पेटीवाल्यांसाठी सांगतो. गिटारची सगळ्यात जाड तार एरवी पांढरी तीनला लावलेली असते. आयोमीनं ती काळी एकपर्यंत उतरवली. सैल तार दाबायला सोपी आणि आवाज खर्जातला, जड, थरथरता. ‘हेवी’मधला जडपणा बऱ्याच अंशी इथून आला. गिटारची जी ओळ पुन्हा पुन्हा फिरून येते आणि गाणं जिच्यावर उभं राहतं, तिला रिफ म्हणतात. भजनाचं ध्रुपद गळ्यात असतं, यांचं ध्रुपद गिटारमध्ये. सॅबथचे ते रिफ आयोमीच्या त्या दोन तुटक्या बोटांमधून आले. बँडच्या १९ च्या १९ स्टुडिओ अल्बमांत असलेला माणूस एकच, आणि तो आयोमी. काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे.

उरलेलं अर्धं गुंतागुंतीचं आहे, कारण लोकांना बँड गाणाऱ्याच्या तोंडानं ओळखता येतो.

१९७० ते १९७८ या काळात मूळ चौघांनी आठ अल्बम केले. शेवटी शेवटी दारू आणि नशेनं सगळेच पोखरले होते. एकदा ऑझी निघून गेला, त्याच्या जागी डेव्ह वॉकर नावाचा गायक थोडे दिवस आला, मग ऑझी परतला. अखेर १९७९ मध्ये त्याला काढलंच. हे त्याच्या तोंडावर सांगायचं काम कुणावर आलं? ड्रमवाल्या बिल वॉर्डवर. मंडळात नको ते काम नेहमी ढोलकवाल्याच्याच गळ्यात पडतं, असं काकांचं याच्यावर मत.

ऑझीच्या जागी आला रॉनी जेम्स डिओ. अंगानं लहान, आवाजानं डोंगर. १९८० चा अल्बम ऐकला की नवखा माणूससुद्धा सांगेल, इथं काहीतरी बदललंय. काय बदललं ते कळलं की संच बदलणं म्हणजे काय तेही कळतं. ऑझी गायचा तो बहुतेक गिटारच्या ओळीला धरून. रिफ जिकडे जाई तिकडे त्याचा गळा, जशी पेटी आणि झीलकरी एकाच वाटेनं चालतात. डिओ रिफच्या वरून, त्याला आडवा जाऊन गायचा. त्यामुळे आयोमीला चाली वेगळ्या बांधाव्या लागल्या, गाण्यात गळ्यासाठी मोकळी जागा सोडावी लागली. शिवाय ऑझीच्या काळात गाण्यांचे शब्द जास्त करून बेसवाला बटलर लिहायचा. डिओ आपले शब्द आपणच लिहायचा. म्हणजे खुर्ची एक बदलली, पण काम तिघांचं बदललं. ज्यांना वाटतं गाणारा बदलला तर फक्त आवाज बदलतो, त्यांनी १९७८ चा आणि १९८० चा असे दोन अल्बम लागोपाठ ऐकावेत.

त्याच वर्षी दौऱ्याच्या मध्येच बिल वॉर्ड गेला. दारू होतीच. त्याच्या जागी विनी ॲपिसी हा तगडा, सरळ वाजवणारा माणूस आला. इथं थोडं थांबतो, कारण ड्रमवाल्याकडे कुणी बघत नाही. वॉर्ड जॅझ ऐकून वाढलेला. त्याचा ठेका थोडा डुलतो. एवढ्या जड रिफखालीही तो झुलत राहतो. काकांना मी मोबाईलवर १९७० चं एक गाणं आणि १९८१ चं एक गाणं ऐकवलं. इंग्रजीचा गंध नसलेला माणूस, पण दुसरं गाणं सुरू होऊन दहा सेकंद झाली नसतील तर म्हणाला, “हा दुसरा हाय. हा घड्याळासारखा वाजवते. पहिला गड्यासारखा चालत होता.” यापेक्षा चांगलं परीक्षण मी तरी कुठं वाचलेलं नाही.

१९८२ मध्ये थेट कार्यक्रमाच्या अल्बमात कुणाचा आवाज वर ठेवला, कुणाचा खाली, यावरून भांडण झालं आणि डिओ व ॲपिसी गेले. त्यानंतरची पाच वर्षं म्हणजे निव्वळ गोंधळ आहे, भरभर सांगतो. १९८३ मध्ये डीप पर्पल या दुसऱ्या इंग्लिश बँडचा जुना गायक इयान गिलन गायला आला. त्या दौऱ्यात रंगमंचावर मोठ्या शिळांचा देखावा मागवला, तर सांगतात की मापात फुटांच्या जागी मीटर लिहिले गेले आणि शिळा इतक्या अवाढव्य आल्या की सभागृहात मावेनात. गिलन वर्षभरात आपल्या जुन्या घरी परतला. १३ जुलै १९८५ ला मोठ्या मदतनिधी कार्यक्रमात मूळचे चौघं एका दिवसापुरते एकत्र आले आणि पुन्हा पांगले. बटलरही तोवर गेलेला. आयोमी एकटा उरला.

मग त्यानं ठरवलं, आता स्वतःच्या नावानं अल्बम काढू. गायला ग्लेन ह्यूजेस घेतला. पण कंपनीला आयोमी हे नाव नको होतं, ब्लॅक सॅबथ हवं होतं, कारण खपतं ते नाव. शेवटी १९८६ मध्ये अल्बमवर बँडचंच नाव आलं आणि त्याखाली ‘टोनी आयोमीसह’ असं छापलं. ज्या माणसामुळे बँड आहे तोच माणूस त्या बँडमध्ये पाहुणा! इथं एक गोष्ट स्पष्ट होते. एका मर्यादेनंतर बँडचं नाव ही मालमत्ता असते, शेताच्या सातबाऱ्यासारखी. त्यावर कुणाचं नाव चढलंय यावर पुढचं ठरतं. वाजवतो कोण हा प्रश्न वेगळा आणि हक्क कुणाचा हा वेगळा.

हा हक्काचा मामला किती टोकाला जातो ते डीप पर्पलच्या बाबतीत दिसलं. तो बँड बंद पडलेला असताना १९८० मध्ये त्यांचा अगदी पहिला गायक रॉड इव्हान्स अनोळखी वादक गोळा करून त्याच नावानं अमेरिका-मेक्सिकोत कार्यक्रम करू लागला. माणूस मूळ संचातला, खोटं नव्हतं. पण नाव त्याचं नव्हतं. कोर्टानं साडेसहा लाख डॉलरहून अधिक भरपाई लावली आणि जुन्या गाण्यांच्या मानधनावरही त्याला पाणी सोडावं लागलं.

परत सॅबथकडे. १९८७ चा अल्बम रे गिलन नावाच्या गायकानं गाऊन ठेवला आणि तो सोडून गेला. मग बर्मिंगहॅमच्याच टोनी मार्टिनला आणून सगळी गाणी त्याच्याकडून नव्यानं गाऊन घेतली. या मार्टिनबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. ऑझीचे नऊ अल्बम, डिओचे तीन, इयान गिलन आणि ह्यूजेसचा एकेक, आणि मार्टिनचे पाच. म्हणजे अल्बमांच्या हिशेबानं तो दुसऱ्या क्रमांकाचा गायक. कोझी पॉवेलसारखा नामांकित ड्रमवाला त्याच्या काळात होता. तरी १९९१ मध्ये डिओ परत येतो म्हटल्यावर मार्टिनला बाजूला केलं, आणि डिओ गेल्यावर पुन्हा बोलावलं. तो आलाही. १९९७ मध्ये जुन्या चौघांचं जमलं तेव्हा तो पुन्हा बाहेर. त्याच्या काळातले अल्बम नंतर बरीच वर्षं दुकानात मिळेनासे झाले होते. त्यांतले चार २०२४ मध्ये एकत्र, नव्यानं आले. नाटकात मुंबईचा पाहुणा नट येईपर्यंत जो गावचा कलाकार अख्खा हंगाम ओढतो आणि पोस्टरवर ज्याचा फोटो कोपऱ्यात असतो, तो हा. १९८९ चा अल्बम ऐका. मला तो सॅबथच्या पहिल्या पाचांत घालावासा वाटतो. भाच्याला हे पटत नाही, आमचं यावरून वाजतं.

डिओच्या दुसऱ्या खेपेचा शेवट फार नाट्यमय झाला. नोव्हेंबर १९९२, कॅलिफोर्निया. ऑझीनं आपण निवृत्त होतोय म्हणून शेवटचे कार्यक्रम लावले होते, आणि त्याच्या आधी सॅबथनं वाजवावं असं ठरलं. डिओ म्हणाला, मी त्याच्यासाठी मंच तापवून देणार नाही. तो हटला नाही. मग दोन रात्रींसाठी जुडास प्रीस्ट या बँडचा गायक रॉब हॅलफर्ड धावून आला. तोही बर्मिंगहॅमच्याच पट्ट्यातला, म्हणजे शेजारच्या गावचा गायक हाक मारल्यावर आला असं समजा. ऑझीची निवृत्ती अर्थातच टिकली नाही.

२००६ मध्ये डिओच्या काळातला संच पुन्हा जमला, पण तेव्हा त्यांनी सॅबथ हे नाव लावलंच नाही. आपल्या १९८० च्या अल्बमचं नाव, हेवन अँड हेल, हेच बँडला दिलं. वाजवणारे चारही ब्लॅक सॅबथचे, गाणी ब्लॅक सॅबथची, पाटी वेगळी. कारण तोवर लोकांच्या मनात सॅबथ म्हणजे ऑझीसकटचे चौघं, हे पक्कं झालं होतं. २००९ मध्ये नावाच्या हक्कावरून ऑझीनं आयोमीवर कोर्टात दावाही लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. त्याच २०१० मध्ये, १६ मे रोजी, डिओ कर्करोगानं गेला.

इतर बँडांत हीच कोडी वेगळ्या रीतीनं सुटली. डीप पर्पलमध्ये पहिल्यापासून आजवर असलेला माणूस गाणारा नाही, गिटारवाला नाही, ड्रमवाला इयान पेस आहे. (हे सांगितलं तेव्हा काका इतके खूश झाले की चहाचे पैसे त्यांनी दिले.) आयर्न मेडनमध्ये बेसवाला स्टीव्ह हॅरिस मालकासारखा बसलेला. तिथं १९९९ मध्ये जुना गायक आणि जुना गिटारवाला परत आले, तेव्हा मधल्या काळातल्या गिटारवाल्याला घालवण्याऐवजी त्यांनी तिसरी गिटारच ठेवून घेतली. मला हा सगळ्यात शहाणा तोडगा वाटतो. मेटॅलिकात उलट प्रकार: बेसवाला क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला आणि त्यांना दीड महिन्यातच नवा माणूस घेऊन उभं राहावं लागलं. त्या नव्या माणसाला, जेसन न्यूस्टेडला, ती रिकामी जागा कधी आपली वाटूच दिली नाही. पुढच्या अल्बमात त्याचा बेस जेमतेम ऐकू येतो. खुर्ची भरली म्हणजे जागा भरली असं नसतं.

आता काकांचा माणूस, बिल वॉर्ड. ११ नोव्हेंबर २०११ ला मूळ चौघांनी जाहीर केलं की आम्ही पुन्हा एकत्र येतोय, नवा अल्बम करतोय. तीनच महिन्यांत वॉर्डनं सांगितलं की करार सही करण्यासारखा नाही, मला मानानं वागवणारा करार द्या. तो मिळाला नाही. २०१३ चा अल्बम ब्रॅड विल्क या दुसऱ्याच ड्रमवाल्यानं वाजवला, दौऱ्यांवर टॉमी क्लुफेटॉस गेला. ४ फेब्रुवारी २०१७ ला बर्मिंगहॅममध्ये बँडनं निरोपाचा कार्यक्रम केला, तेव्हाही वॉर्ड नव्हता. आयोमी तोवर कर्करोगाचे उपचार घेत वाजवत होता. चाहते म्हणत होते, तिघं आहेत म्हणजे झालंच की. काही म्हणत होते, नाही झालं.

रोवणी संपल्यावर एका संध्याकाळी मी काकांना हे सगळं सांगितलं. ते स्वतः मागे तीन वर्षं मंडळात नव्हते. कारण सगळ्या गावाला माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. त्या तीन वर्षांत एक पोरगा ढोलक वाजवायचा, चांगला वाजवायचा, आणि तरी भजन संपल्यावर लोक काकांच्या घरावरून जाताना हळू बोलायचे.

काका शेवटपर्यंत ऐकत होते. मध्ये एकदाच तंबाखू मळायला थांबले. तोवर ऑझीही गेला होता. त्या जुलैच्या कार्यक्रमानंतर १७ दिवसांनी, २२ तारखेला.

“त्या रातच्याला ढोलकावर कोन होता?”

“पहिलाच. बिल वॉर्ड. चार गाणी वाजवली चौघांनी.”

“मंग या बारीला पैशाचं जमलं म्हना.”

“नाही काका. तो कार्यक्रम दानासाठी होता. नफा पोरांच्या दवाखान्याला, हॉस्पिसला अन कंपवाताच्या कामाला दिला. ऑझीला तोच आजार होता ना.”

“तेरा साल रुसून बसला,” काका म्हणाले, “अन शेवटी फुकटात वाजवाले आला?”

“हाव.”

“आपल्यासारखाच येडा होय मंग.”